कालुवा मॅडमच्या हातातलं झाकण

उसाचा ट्रक खड्ड्यात गेला तो काचिपांदे सरांच्या चांगुलपणामुळे. याबद्दल चिम्फेपो गावात कुणाचंही दुमत नाही.

त्या सकाळी सर नेहमीसारखे सायकलवरून उतारानं शाळेकडे येत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पँटचा पाय साखळीत जाऊ नये म्हणून घोट्याला रबर, कॅरिअरला आडवी बांधलेली छत्री. बाजार संपतो तिथून सरोवराच्या काठाकाठानं जाणारा डांबरी रस्ता आडवा जातो, आणि त्याच्या पलीकडे आमची शाळा. तिसरीची मुलं रांगेनं रस्ता ओलांडत होती. कोवळं ऊन, निळे गणवेश, आणि रांग कशी, तर दोरी धरून आखल्यासारखी. ही रांग सरांनीच शिकवलेली. शाळेतला रस्त्याचा तास त्यांच्याकडे होता. सरांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आल्यावर गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी घंटी वाजवली आणि आपल्या भरदार आवाजात हाक दिली, "काय मुलांनो, बरे उठलात ना?"

आता मोठ्या माणसानं असं विचारल्यावर नुसती मान हलवून पुढे जाणारं मूल म्हणजे वाया गेलेलं मूल. तिसरीची मुलं वाया गेलेली नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मुली गुडघ्यांवर बसल्या, मुलगे वाकले, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "आम्ही बरे उठलोऽऽ! तुम्ही कसे उठलात, सऽऽर?"

त्यांनी विचारलं म्हटल्यावर उत्तर द्यायला नको? सरांनी डांबरावर पाय टेकला आणि म्हणाले, "मीही बरा उठलो. घरची मंडळी कशी आहेत?"

घरच्या मंडळींची खुशाली कळायच्या आत ट्रक आला.

ड्रायव्हर जिवावर उदार झाला म्हणून बरं. त्यानं चाक असं फिरवलं की ट्रक मुलांना वळसा घालून खड्ड्यात उतरला आणि दमलेल्या बैलासारखा एका कुशीवर बसला. मुलांना खरचटलंही नाही. ऊस मात्र बाजारभर पसरला. ड्रायव्हर खाली उतरला, सरांपाशी आला, "बरे उठलात ना?" म्हणून विचारलं, सरांचं उत्तर नीट ऐकून घेतलं, आणि मग शिव्या द्यायला सुरुवात केली. शेवटी संस्कार म्हणून काही असतातच.

पुढचे कितीतरी दिवस चिम्फेपोत जो तो ऊस चघळत होता. नमालोंबा हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं तेव्हा त्यांच्याही दातांत उसाची चिपाडं होती.

"काचिपांदे," हेडसर म्हणाले, "तुमचा आवाज फार लांब जातो हो. रस्त्याला कमी बोलणारं माणूस हवं."

सगळ्यांच्या माना एकदमच खिडकीकडे वळल्या. तिथे कालुवा मॅडम उभ्या राहून रताळं खात होत्या. बसून खाताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

"मॅडम, रस्त्याचा तास तुम्ही घ्याल?"

"घेईन."

संपलं. काचिपांदे सर वाट बघत होते की बाई निदान म्हणेल, 'सरांसारखं मला कुठलं जमायला!' एवढी तरी रीत आहे की नाही? पण बाईनं रताळ्याचा पुढचा घास घेतला.

सरांनी नारिंगी जाकीट काढून दिलं. ते देताना फारसं वाटलं नाही, कारण ते काखेत काचायचं. सिग्नलचं रंगीत चित्र दिलं. ते त्यांनी स्वतः रंगवलं होतं, आणि त्यावर गाणंही रचलं होतं, 'लाल दिसला, थांबा थांबा'. लाल दिवा बघायचा तर राजधानीपर्यंत, लिलोंग्वेला, जावं लागतं ही गोष्ट वेगळी. पण झाकण त्यांच्या हातून लवकर सुटेना. हे झाकण म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोरिकाच्या, मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवायच्या मोठ्या पातेल्याचं. सरांनी त्याला लाल रंग लावून, मागे दांडा ठोकून 'थांबा'ची पाटी केली होती. डोरिकानं तेव्हा नवऱ्याच्या कामासाठी म्हणून हसत दिलं होतं. तेव्हापासून त्या घरात न्सिमावर ताट पालथं घालतात.

"म्हणजे आता माझं झाकण ती मिरवणार?" डोरिका म्हणाली.

"तुझं झाकण!" सर कळवळून म्हणाले. "माझा अख्खा तास गेला, त्याचं काही नाही?"

कालुवा मॅडम मूळच्या आमच्या नाहीत. त्या उत्तरेकडच्या, करोंगाच्या. तिकडची माणसं सरोवराच्या वरच्या टोकाला राहतात आणि भात खातात, म्हणून जरा ताठ असतात असा आमच्याकडे समज आहे. मॅडम उंच इतक्या, की वर्गाच्या दारातून आत येताना वाकावंच लागायचं. नव्या मुलांना वाटायचं, काय नम्र बाई आहे! मग पहिला तास सुरू झाला की तो गैरसमज दूर व्हायचा. बोलणं मोजकं, जणू एकेक शब्द करोंगाहून बसनं मागवावा लागतो. हसणं त्याहून मोजकं. डोक्याला घट्ट फडकं, पायात पुरुषी बूट, आणि काळी जुनी सायकल, जिच्यावर बाई अशी बसायची की सायकलीलाही पाठ ताठ ठेवावी लागायची.

अशी बाई रस्त्याबाबत एवढी कडक का, याचं चिम्फेपोनं आपल्या परीनं उत्तर शोधून ठेवलं होतं. त्यांचा सख्खा भाऊ लहानपणी ट्रकखाली गेला, बाईंनी डोळ्यांनी बघितलं, तेव्हापासून हसू मेलं. बाजारातल्या बायका हे सांगताना कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या टोकानं डोळे पुसायच्या. काचिपांदे सरांनाही ऐकून गलबलून आलं. मत्सर एकीकडे, माणुसकी एकीकडे. एके दिवशी ते मॅडमपाशी गेले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावाचं कळलं. फार वाईट वाटलं."

"काय कळलं?"

"तेच... ट्रकचं."

"माझा भाऊ म्झुझूत आहे. टायर विकतो. जाड झालाय."

सरांची माणुसकी तिथेच आटोपली, आणि मत्सराला सगळी जागा मोकळी झाली.

तो वाढायला कारणं रोज मिळत होती. सर सहावीला शिकवायचे, आणि सहावीच्या खिडकीतून मैदान समोर दिसायचं. मॅडमनी सिग्नलचं चित्र कपाटात ठेवलं आणि मैदानावर चुलीतल्या राखेनं रस्ता आखला. त्यावर मुलांना सोडलं. कुणी मिनीबस, कुणी ट्रक, कुणी कोंबड्या बांधलेली सायकल, कुणी डोक्यावर सरपण घेतलेली बाई. ट्रक व्हायला झुंबड उडायची. बकरी व्हायला कुणी तयार नसायचं.

"बकरी महत्त्वाची," मॅडम म्हणायच्या. "बकरी बघत नाही. न बघता जो रस्त्यात येतो तो बकरी."

झालं! आठवड्याभरात गावात नवीन शिवी रूढ झाली. कुणी इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडला की कुठून तरी बारीक आवाज यायचा, "बकरीऽ!" हेडसरांनाही एकदा आला. ते रागावले, पण दुसऱ्या दिवसापासून बघून ओलांडू लागले.

एकदा सरांनी मैदानावर जाऊन राखेच्या रस्त्याकडे तिरक्या मानेनं बघितलं. "मॅडम, तुमचा रस्ता वाकडा झालाय."

"रस्ते असतात."

मग एक दिवस तोच उसाचा ट्रक, तोच ड्रायव्हर, शाळेच्या आवारात येऊन उभा राहिला. बाईनं त्याला काय सांगून आणला कोण जाणे. एकेका मुलाला वर ड्रायव्हरच्या जागी बसवलं, आणि मॅडम स्वतः ट्रकच्या नाकाशी जाऊन उभ्या राहिल्या. वरून त्यांच्या डोक्याचं फडकं तेवढं दिसत होतं. मग त्या बाजूला झाल्या आणि तिथे दुसरीतल्या एका चिमुरडीला उभं केलं. वर बसलेलं मूल म्हणालं, "मॅडम, तिथे कुणीच नाही." खालून चिमुरडी ओरडली, "मी आहे ना!" खिडकीत काचिपांदे सरांच्या हातातला खडू मोडला. हे आपल्याला का सुचलं नाही? आपण लाल-हिरवं गात बसलो, आणि ही बाई ट्रकच घेऊन आली!

आणि तेवढ्यात त्यांना ते ऐकू आलं. शंभर गळ्यांतून एकदम: "जेवायच्या हाताकडे बघा! मग दुसऱ्या हाताकडे! मग परत जेवायच्या हाताकडे!"

सर उठून उभेच राहिले. हे त्यांचं होतं! उजवं-डावं सांगितलं की लहान पोरं गोंधळतात, पण घास कुठल्या हातानं घ्यायचा ते पोरांना पाटी-पेन्सिलीच्या आधी कळतं. गाड्या आधी त्याच हाताकडून येतात. म्हणून सरांनी ही युक्ती काढली होती. तर बाईनं ती उचलली, आणि वर 'काचिपांदे सरांची' असा एक शब्दही नाही!

"चोरी आहे ही," घरी आल्यावर ते म्हणाले.

डोरिका बाजारात विकायच्या मंदासी, पिठाचे गोड गोळे, तळत होती. कढईतली एक उलटत ती म्हणाली, "फायनेसचे बाबा, तिनं ते वाक्य टाकून दिलं असतं तर?"

"टाकून कशाला देईल? चांगलं आहे ते!"

"मग झालं की. तुम्ही जेवत का नाही आहात? पोटात दुखतंय?"

"मुळीच नाही."

"मला तर दिसतंय, दुखतंय ते."

यात भर पडली ब्रेकची. आमच्याकडे सायकलीला ब्रेक हवाच असं कुणी मानत नाही. चपलेचा तळवा मागच्या चाकावर दाबला की सायकल थांबते, आज ना उद्या. कालुवा मॅडम एका सोमवारी शाळेच्या फाटकात उभ्या राहिल्या. ब्रेक नसलेली सायकल रस्त्यावर न्यायची नाही, हातात धरून चालत न्यायची. मुलं निमूट उतरली. मागून काचिपांदे सर आले, चप्पल चाकावर घाशीत.

"सर, ब्रेक."

"मॅडम, मी शिक्षक आहे."

"सायकलीला ठाऊक नाही."

मुलांच्या रांगेतून सर सायकल हातात धरून गेले. कुणी हसलं नाही. मुलं सभ्यपणे जमिनीकडे बघत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

पण खरा घाव घरातून बसला. फायनेस ही सरांची एकुलती एक मुलगी. सहावीत, त्यांच्याच वर्गात. वडिलांच्या उंच सायकलीवर अंगणातल्या अंगणात कैची मारायची, दांड्याखालून पाय घालून, खेकड्यासारखी. "बाबा, मला सीटवर बसून शिकवा ना," म्हणून तिनं किती दिवस भुणभुण लावली होती. "मका निघाला की शिकवतो," सर म्हणायचे. मका निघाला, दुसरा पेरला, तोही निघाला, आणि फायनेसची भुणभुण थांबली. सरांना वाटलं, पोरीचं वेड गेलं.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतात तुमच्या सायकलीला ब्रेक बसवला तर मी तीच चालवू शकेन."

"कुठे चालवू शकशील?"

"रस्त्यावर. मॅडम म्हणतात माझा तोल चांगला आहे. मॅडम म्हणतात अजून थोडं शिकले की घरून शाळेपर्यंत एकटी. मॅडम म्हणतात—"

"मॅडम न्सिमा कसा खायचा तेही सांगतात का?" सर म्हणाले. तळलेले उसिपा मासे ताटात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर आंब्याच्या झाडामागे उभे राहिले. मैदानावर फायनेस मॅडमच्या काळ्या सायकलीवर बसली होती, आणि मॅडम सीट धरून मागे धावत होत्या. एवढी ताठ बाई, नेसूचं चितेंजे गुडघ्यापर्यंत खोचून, बूट आपटत, धापा टाकत धावत होती. सरांचा उजवा हात आपोआप मुठीसारखा वळला, काहीतरी धरायला असल्यासारखा. सीट धरून पळणं म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. कुणालाही येतं. त्यांनाही आलं असतं. मॅडमनी हात सोडला. फायनेस तशीच पुढे गेली, वळली, आणि पडत नाही हे लक्षात आल्यावर तिनं मागे बघितलं. तोंडभर हसून बघितलं. आंब्याच्या झाडाकडे नाही, मॅडमकडे.

सर मागच्या वाटेनं घरी गेले. वाटेत सायकल दुरुस्तीच्या दुकानाशी थांबून त्यांनी दोन्ही चाकांना ब्रेक बसवून घेतले. कुणी विचारलं तर 'चप्पल झिजते म्हणून' असं उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही.

ब्रेक बसवले म्हणून मन निवळलं असं नाही. उलट सर आता संधी शोधत होते, आणि संधी आपण होऊन चालत आली. मॅडमनी नवीन नियम काढला होता: रस्त्यात विचारपूस नाही. कुणीही हाक मारो, रस्ता ओलांडून होईपर्यंत थांबायचं नाही, वाकायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. उसाच्या प्रकारानंतर नियमाचा रोख कुणावर होता हे उघडच होतं, आणि सर तो मनाला लावून बसले होते. पण गाव त्याहून जास्त मनाला लावून बसलं. म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर वाट बघायची की एक दिवस पोरं आपल्यापुढे वाकतील, आणि आपली वेळ आली तर पोरं नुसती समोर बघत निघून जाणार?

सर बाजारात या दुकानातून त्या दुकानात जात आणि उसासे टाकत. "हो, मुलं बदललीत खरी. मी काय बोलणार? तास आता माझ्याकडे नाही."

शेवटी गावचे मफुमू, म्हणजे प्रमुख, म्चेंगा यांनी अंजिराच्या मोठ्या झाडाखाली बैठक बोलावली. हेडसरांनी मॅडमना आधीच विचारून ठेवलं होतं, की प्रमुखांनी नियम मोडीत काढला तर काय. "मग तास घेणार नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणजे झाकण परत सरांकडे. सरांनी त्या दिवशी टाय बांधला.

प्रमुखांनीच सुरुवात केली. "मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. समोरून पोरगं आलं. मी म्हटलं, बरा आहेस ना बाळा? तर त्यानं आधी तिकडे बघितलं, मग इकडे, मग परत तिकडे. मला वाटलं, माझ्या मागे कुणी मोठं माणूस आलंय. मीही मागे वळून बघितलं! तोवर पोरगं पसार. मी काय खांब आहे?"

"खांब बरा!" आगोगो लिझी, म्हणजे लिझी आजी, म्हणाली. तिच्या तोंडात दात नाहीत पण आवाज आहे. "मी आपली सावकाश रस्ता ओलांडत होते, तर माझा सख्खा नातू, मी न्हाऊमाखू घातलेला, पलीकडून ओरडतो, आगोगो, बकरी!"

लोक हसले, मग प्रमुखांकडे बघून गप्प झाले.

"बाई," प्रमुख म्हणाले, "पोरांना विचारपूस करायला बंदी का?"

मॅडम उभ्या राहिल्या. हातात झाकण होतंच. "रस्त्यात फक्त."

"पण का?"

"ट्रक."

सगळे पुढचं वाक्य ऐकायला पुढे झुकले. पुढचं वाक्य नव्हतं. मॅडम खाली बसल्या.

प्रमुखांचा चेहरा कडक झाला. सरांनी टाय सारखा केला. त्यांचं भाषण पाठ होतं: आधी संस्कार, मग आपले पूर्वज, मग हळूच झाकणाचा विषय. ते उठले. "मफुमू—"

"या काचिपांदे, बोला!" प्रमुख म्हणाले. "तुमच्या वेळी कशी थांबायची पोरं!"

"थांबायची, आणि ऊसपण मिळायचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळं झाड हसलं. हेडसरांनी खोकल्याचं निमित्त केलं. सरांचं पाठ केलेलं भाषण पाखरांसारखं उडून गेलं. त्यांनी मॅडमकडे बघितलं. ती बाई हसत नव्हती. झाकणाच्या दांड्याचा खिळा सैल झाला होता, तो अंगठ्यानं दाबत होती. मग त्यांची नजर मुलींच्या चटईकडे गेली. फायनेसही हसत नव्हती. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी. मॅडमनी तास सोडला की तिची सायकल अंगणात परत यायची, कैचीवर.

आणि सरांचं डोकं सणकलं. एवढा मोठा प्रश्न, अख्खं गाव जमलेलं, आणि ही बाई म्हणते 'ट्रक'? याला उत्तर म्हणतात? उत्तर कसं द्यायचं असतं ते आता दाखवतोच हिला!

"मफुमू," सर म्हणाले, आणि तो प्रसिद्ध आवाज झाडाच्या शेंड्यापर्यंत गेला, "तुमच्या घरी पाहुणा आला तर तुम्ही दारातच त्याला विचारता का, बरा आहेस ना?"

"छे! दारात कसं विचारीन? आधी चटई टाकीन."

"पाहुणा उभा असताना?"

"उभ्या माणसाची विचारपूस म्हणजे त्याला हाकलणं! आधी बसू दे, टेकू दे, मग विचारायचं. हे काय सांगायला हवं, सर?"

"मग रस्त्यातलं पोर बसलेलं असतं का? ते तर दारातलं पाहुणं आहे! त्याला आधी पोचू दे. रस्त्याची पलीकडची कड ही त्याची चटई. तिथे पोचलं की ते गुडघ्यावर बसेल आणि सगळं विचारील, तुमचं, घरच्यांचं, कोंबड्यांचंसुद्धा. रीत मोडतंय ते पोर नव्हे. चटई टाकायच्या आधी हाक मारणारा मोठा माणूस रीत मोडतोय!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर सरांना आठवलं की तो मोठा माणूस कोण. पण आता उशीर झाला होता. आगोगो लिझी मांडीवर थाप मारून म्हणाली, "खरंय हो! चटईच्या आधी विचारपूस? कुठल्या घरात?" म्हातारेकोतारे माना डोलावू लागले. प्रमुखांनी काठी आपटली. नियम कायम. मोठ्यांनी मुलांना रस्त्यात हाक मारायची नाही, पलीकडे पोचेपर्यंत थांबायचं.

बैठक उठली. माणसं सरांवरून, हेडसरांवरून पुढे गेली आणि कालुवा मॅडमभोवती जमली. "बाई, नियम बाकी शहाणपणाचा हो!" "आम्हाला आधी कळलंच नाही, बाई!" आगोगो लिझीनं तर मॅडमचे दोन्ही हात हातात घेतले. टाय बांधलेला माणूस झाडाखाली एकटा उभा होता. फायनेस धावत आली. सरांनी चेहरा तयार केला. "बाबा!" ती म्हणाली, "मॅडम म्हणतात, शनिवारी मी एकटी!"

शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. रस्त्यावर मिनीबस, मक्याच्या पोत्यांच्या सायकली, डुकरं बांधलेल्या सायकली, नुसती डुकरं. मुद्दाम हाच दिवस निवडला होता बाईनं. सर आधीच पलीकडे शाळेच्या बाजूला जाऊन उभे राहिले. बाजाराकडच्या कडेला मॅडम, नारिंगी जाकिटात, हातात डोरिकाचं झाकण.

उतारावरून फायनेस आली. बापाच्या उंच सायकलीवर, सीटवर बसून, पायांचे चवडे जेमतेम पेडलला टेकत. दोन्ही ब्रेक दाबत ती रस्त्याच्या कडेशी थांबली आणि खाली उतरली. सरांच्या घशात हाक येऊन बसली. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. फायनेसनं त्यांना बघितलं असणार, दहा पावलांवर तर होते. पण तिची नजर त्यांच्या अंगावरून खांबावरून जावी तशी गेली. जेवायच्या हाताकडे. दुसऱ्या हाताकडे. परत जेवायच्या हाताकडे. एक मिनीबस गेली. मग ती सायकल हातात धरून, न धावता, न रेंगाळता आली. पोचली. सायकल स्टँडवर लावली, आणि बापासमोर धुळीत गुडघे टेकून दोन्ही हातांनी हलकी टाळी वाजवत म्हणाली, "बरे आहात ना, बाबा?"

"बरा आहे," सर म्हणाले. तो भरदार आवाज कुठेतरी खाली बसला होता. "तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. मॅडमना दाखवून येते हं, माझा ब्रेक कसा लागला ते!"

पण मॅडमनीच लांबून झाकण हलवून तिला शाळेकडे पिटाळलं. ती गेली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली, "मॅडमनी शिकवलं! मॅडमनी!"

आता मात्र सरांना राहवेना. दोन मिनीबसच्या मधली फट बघून मॅडम म्हाताऱ्यांच्या एका टोळक्याला पलीकडे पोचवून परत येत होत्या. सर तरातरा निघाले आणि त्यांना अर्ध्यावरच गाठलं. "मॅडम, आज मला एकच सांगा. जेवायचा हात माझा. चटई माझी. झाकण माझ्या बायकोचं. सायकल माझी, ब्रेक मी बसवलेले, आणि मुलगी तर माझीच माझी! मग सगळं गाव तुमचंच नाव का घेतं?"

कालुवा मॅडमनी जेवायच्या हाताकडे बघितलं, दुसऱ्या हाताकडे बघितलं, परत जेवायच्या हाताकडे बघितलं, आणि झाकण उंच धरलं.

"सर, तुम्ही रस्त्यात उभे आहात."